छपराखाली असेल त्याने भरावे

९ जानेवारी

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून चक्रावला असशील. हाताशी फोन असताना पत्र का, तर मागच्या वेळी फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलत होतो आणि एकाच वेळी आपटून ठेवला. पत्रात निदान एकाचं बोलून होईपर्यंत दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. तुला जड जाईल, पण सवय होईल.

तर बातमी. आई गेल्यावर धाकट्याच्या मदतनिसाचे कागद नव्याने करावे लागले. सकाळी येऊन त्याला पलंगावरून उचलायचं, आंघोळ घालायची, खुर्चीत बसवायचं आणि रात्री हेच सगळं उलट्या क्रमाने करायचं, एवढ्यासाठी तो भला माणूस आजवर सरकारी खर्चाने येत होता. कारण कुटुंबप्रमुख आई होती आणि आईची कमाई शून्य. आता नियम बदललाय. एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब, आणि त्या कुटुंबात जो कमावतो त्याने मदतनिसाचा खर्च द्यायचा. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या बनवते, त्याचा मला पगार मिळतो, म्हणजे मी कमावती. त्या पगारातला जवळजवळ अर्धा आता कचेरीला जाणार.

धाकट्याच्या कमाईलाही कात्री लागणार आहे. तू विसरला असशील म्हणून सांगते, तो लिफ्टच्या कंपनीसाठी घरून फोन घेतो. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्यांना बोलतं ठेवायचं. शेहेचाळीस वर्षांत स्वतःच्या पायावर एकदाही उभा न राहिलेला आपला भाऊ रोज पाच-सहा धडधाकट माणसांना रडू नका म्हणून समजावतो. त्याचे जे काही मिळतात त्यातलेही बरेचसे कचेरी घेणार.

मी तिथल्या बाईंना विचारलं, की मी त्याला टाकून दुसरीकडे राहायला गेले असते तर? त्या म्हणाल्या, मग त्यांना सगळं मोफत. म्हटलं, म्हणजे भावाला सांभाळल्याचा हा दंड. त्या म्हणाल्या, दंड म्हणू नका, याला सहभाग म्हणतात. तू वेगळ्या स्वयंपाकघरात जेवतोस, तेव्हा त्यांच्या व्याख्येत तू त्याचा कोणीच नाहीस. ही कचेरीची व्याख्या. माझी मी अजून बोलून दाखवलेली नाही.

दादा, हे माझ्याच्याने फार दिवस निभणार नाही. आणि नाही निभलं तर त्याची रवानगी अपंगांच्या सरकारी संस्थेत. आईच्या तीन मुलांपैकी दोघांचा सहभाग सुरू झालाय, त्यातला एक तर खुद्द धाकटाच आहे. तिसऱ्याने आपला विचार कळवावा.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याला आराम पडो. माझ्यावर लोभ असेलच, तो या वेळी जरा ठोस स्वरूपात असावा ही विनंती.

तुझी,
बेबी


२१ जानेवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अक्षर अजूनही वाकडेच आहे.

एक गोष्ट तू सोयीस्करपणे विसरतेस. आईच्या पश्चात राहत्या घरातील माझा हिस्सा मी एका शब्दाने न कुरकुरता तुम्हा दोघांच्या नावे सोडला. आजच्या काळात कोणता थोरला भाऊ असे करतो? तुझी वहिनी आजही त्यावरून मला टोमणे मारते. मी पेन्शनीत निघालेला माणूस. चिरंजीवाच्या घराला मी हातभार लावला, त्याचे ओझे अजून उतरलेले नाही. तुला मूलबाळ नाही, संसार नाही. तुझा खर्च तो काय? हे मी दोष म्हणून म्हणत नाही, वस्तुस्थिती म्हणून म्हणतो.

तथापि मी हात झटकणाऱ्यांतला नाही. दोन रात्री विचार करून मार्ग काढला आहे. नियमाचा भर स्वयंपाकघरावर आहे ना? मग मागची खोली वेगळी काढा. मधल्या दाराच्या जागी भिंत, मागच्या बाजूने स्वतंत्र दार, आत एक ओटा आणि शेगडी. धाकटा वेगळा राहतो, वेगळा जेवतो. तुझ्या पगाराशी त्याचा संबंध उरत नाही. मी तीस वर्षे रस्ते बांधले आहेत, एका खोलीचा नकाशा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. सोबत जोडला आहे. मापे काटेकोर पाळणे, गवंड्याला डोके चालवू देऊ नये.

धाकट्याला सांग, काळजी करू नकोस, इकडचे घर तुझेच आहे, केव्हाही ये. आमचा तळमजला आहे, जागा ऐसपैस आहे.

तुमच्या दोघांवरील माझे प्रेम तुम्ही जाणताच.

दादा


४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नकाशा पोहोचला. कागद छान आहे, जाड आहे. त्याच्या जोडीला दुसरा एखादा, बँकेचा वगैरे, कागद असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. गवंड्याचे पैसे कोणी द्यायचे, हे नकाशात कुठे दाखवलेलं नाही.

तू हिस्सा सोडलास, मान्य. पण तू घर सोडलंस ते माणसासकट. नुसतं घर सोडून माणूस नेला असतास तर मी तुझी आरती ओवाळली असती. राहिली गोष्ट मला खर्च नसल्याची. मला मूलबाळ नाही म्हणून मी भावाला पोसावं आणि तुला मूलबाळ आहे म्हणून तू पोसू नये, अशी ही वस्तुस्थिती दिसते. म्हणजे मी लग्न केलं असतं तर आज सुटले असते. तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. मागण्या आल्या तेव्हा आईला आणि धाकट्याला बघायला कोणीतरी हवं, हे तूच मला बाहेरच्या खोलीत बसवून समजावलं होतंस. तेव्हाही तुझा मुद्दा काटेकोर होता.

असो. भिंत बांधतेय. दुसरा उपाय नाही आणि तुझा उपाय मूर्खपणाचा असला तरी कायदेशीर आहे. कवळ्यांच्या प्रयोगशाळेत ओव्हरटाइम मागून घेतलाय. गवंडी दिवसभर ठोकतो आणि मी रात्री आठपर्यंत प्लास्टरचे जबडे घासते. दोघांच्याही नाकात तीच पांढरी धूळ.

वहिनींना नमस्कार. त्यांचे टोमणे चालू राहू देत, घरात कोणीतरी बोललं पाहिजे.

लोभ वाढला तर हरकत नाही.

बेबी


२६ फेब्रुवारी

ती. दादा,
साष्टांग नमस्काराला आठ अंगं लागतात. माझी चालू स्थितीत तीन आहेत. ती तिन्ही तुझ्या चरणी.

ताईने लिहिलेलं तुला पोहोचतंच, पण ती माझ्याबद्दल लिहिते आणि तू माझ्याबद्दल उत्तर देतोस. मधल्या मध्ये मी एखाद्या जुन्या कपाटासारखा, की ठेवायचं कुठे. म्हटलं, कपाटानेही एक पत्र टाकावं.

भिंत झाली. भक्कम आहे. पलीकडून ताई शिंकली तर ऐकू येतं, पण ती कोणावर चिडून शिंकली ते कळत नाही. तुझा नकाशा आम्ही तंतोतंत पाळला. त्यात तू मागच्या दाराला उंच पायरी दिलीस, पाणी आत येऊ नये म्हणून. पाणी येत नाही. मीही येत नाही. खुर्ची पायरीशी अडली आणि मी माझ्या स्वतंत्र घराबाहेर तासभर उन्हात बसलो. ताईने नकाशा हातात घेऊन तुझ्याविषयी जे काही म्हटलं ते मी लिहीत नाही, गवंडीसुद्धा मान खाली घालून हसत होता. मग त्याने सिमेंटचा उतार करून दिला. दादा, मी चालत नाही हे तुला माहीत आहे, फक्त लक्षात राहत नाही. रागावलो नाही. उतारावरून येताना मजा येते.

काल कचेरीतून तपासायला बाई आल्या. त्याआधी आठवडाभर ताईने माझ्याकडून उत्तरं घोकून घेतली, लहानपणी पाढे घोकून घ्यायची तशी. स्वयंपाक कोण करतं? मी. शेगडी कोणाची? माझी. बहीण आत येते का? पाहुणी म्हणून. रात्री हाक मारली तर कोण येतं? कोणी नाही, मी एकटा राहतो. बाईंनी सुरुवातीला सगळं ताईलाच विचारलं: हे जेवतात का, यांना समजतं का. मी म्हटलं, समजतं, आणि आपण चहा घेणार का? एका हाताने चहा करून दिला. अर्धा त्यांच्या कपात, अर्धा माझ्या मांडीवर. मग त्या माझ्याशी बोलल्या आणि मी एकही उत्तर चुकलो नाही. रात्रीच्या प्रश्नाला तर इतक्या ठणठणीत आवाजात उत्तर दिलं की मलाच माझा अभिमान वाटला.

आता बघू. वहिनींना नमस्कार सांग. आणि मला उत्तर लिहायचं झालं तर माझ्या नावाने लिही, दार आता वेगळं आहे.

तुझा,
धाकटा


७ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

धाकट्याचे मजेशीर पत्र मिळाले. आम्ही दोघे पोट धरून हसलो. त्याला माझे आशीर्वाद सांग, वेगळे लिहीत नाही.

पायरीचा बाऊ करू नये. पाण्याचा निचरा हा बांधकामाचा आत्मा आहे. तपासणी उत्तम झालेली दिसते. योजना कोणाची होती हे मी सांगत बसत नाही. आता कचेरीचे पत्र आले की तुझी ओढाताण संपली, आणि पर्यायाने माझी.

प्रेम आहेच.

दादा


२७ मार्च

ती. दादास,
नमस्कार. वि. वि. पुढचं लिहायला आज हात वळत नाही.

कचेरीचं पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलंय की धाकटा हे स्वतंत्र कुटुंब आहे हे आम्हाला मान्य, बहिणीचं उत्पन्न धरता येणार नाही. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसले. बसल्यावर दुसरा परिच्छेद वाचला. ज्या अर्थी हे गृहस्थ स्वतः पलंगावरून उठू शकत नाहीत, आणि ज्या अर्थी रात्री हाक मारल्यास कोणीही येत नाही असं त्यांनी स्वतःच निःसंदिग्धपणे सांगितलंय, त्या अर्थी त्यांचं एकटं राहणं धोक्याचं आहे. सबब संस्थेत एक जागा राखून ठेवली आहे. एक मेपर्यंत हजर व्हावं. तिथे सर्व खर्च सरकारचा.

मी घोकून घेतलेलं उत्तर, दादा. ते त्याने बिनचूक दिलं.

अर्धी रजा टाकून कचेरीत गेले. बाई वाईट नाहीत, पाणी विचारलं. मी म्हटलं, भिंतीच्या पलीकडे मीच तर आहे, हाक काय, तो कुशीवर वळायला धडपडला तरी मला जाग येते. त्या म्हणाल्या, मग तुम्ही एकत्र राहता. म्हटलं, नाही नाही, वेगळे. त्या म्हणाल्या, मग ते एकटे आहेत. म्हटलं, मी रात्री त्याच्या खोलीत झोपले तर? त्या म्हणाल्या, मग एक कुटुंब, पगार धरावा लागेल. म्हणजे भिंतीच्या या बाजूला झोपले तर मी त्याची कोणी नाही आणि त्या बाजूला झोपले तर सगळा भार माझा. शेवटी विचारलं, संस्थेत एका माणसावर किती खर्च होतो? त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या मदतनिसाच्या खर्चाच्या कितीतरी पट. म्हटलं, तेवढा करायला तुम्ही तयार आहात, मग घरी हा थोडासा का नाही? त्या म्हणाल्या, घरी तुम्ही आहात ना.

म्हणजे मी आहे, हाच माझा गुन्हा.

हे तीन महिने मदतनिसाचे पैसे मीच भरतेय. ओव्हरटाइमने डोळे चुरचुरतात. परवा एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. मालक ती कवळी नुसती माझ्या टेबलावर ठेवून गेला. ती दिवसभर माझ्याकडे बघून उलटी हसत होती.

तेव्हा सरळ मागते. भिंतीची भानगड मोडते, आम्ही पुन्हा एक कुटुंब असल्याचं लिहून देते, आणि मदतनिसाचा जो खर्च माझ्यावर पडेल त्यातला अर्धा तू दे. सल्ला नको, नकाशा नको, आशीर्वाद तर अजिबात नकोत, ते घरात ठेवायला जागा नाही. अर्धे पैसे दे. नाहीतर मला त्याची बॅग भरावी लागेल आणि ते मी करणार नाही, मग काय करेन ते मलाच ठाऊक नाही.

लोभाचं तू ठरव.

बेबी


११ एप्रिल

ती. दादा,
तीन अंगी नमस्कार.

ताईच्या पत्राला तुझं उत्तर आलेलं नाही. ती रोज पेटीत हात घालून बघते आणि मी ते बघितलं नाही असं दाखवतो.

मी काल संस्था बघून आलो. तिला वाटलं मी दवाखान्यात गेलो. मदतनिसाने नेलं. वाईट नाही रे, खोटं कशाला बोलू. फरशी चकचकीत, माणसं मऊ बोलतात. पण आठ वाजता दिवे जातात आणि फोन त्यांच्या कपाटात जातात. माझं काम तर आठनंतरच खरं सुरू होतं, लोक बाहेरून जेवून परतताना अडकतात. मी त्यांना म्हटलं, माझी नोकरी आहे. ते कौतुकाने हसले. एक म्हणाला, इथे तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. खोलीत चौघंजण टीव्हीसमोर रांगेत बसले होते. टीव्ही बंद होता.

मग मी विचार केला. ताईकडे राहिलो तर ताई खलास. एकटा राहिलो तर मी धोक्यात. पण कुटुंबं दोनच आहेत असं कोणी सांगितलं? तुझं तिसरं आहेच की. मी कचेरीत दोनदा विचारून खात्री केली: पेन्शन ते कमाईत धरत नाहीत, आणि माझी एकट्याची कमाई त्यांच्या मर्यादेच्या खाली येते. म्हणजे मी तुझ्या स्वयंपाकघरात जेवलो तर मदतनीस पूर्ण मोफत, तुला एक पैसा द्यावा लागणार नाही. तळमजला आहे, जागा ऐसपैस आहे, घर माझंच आहे असं तू कळवलंच होतंस. मी रात्री फोनवर बोलतो, तेवढा आवाज होईल. बाकी माझा त्रास नाही. वहिनींना उचलाउचल करावी लागणार नाही, त्याला माणूस येईल. उलट गुडघ्यामुळे त्या बसून असतात, मीही बसूनच असतो, गप्पा होतील. आणि तुझ्याबरोबर मी असा सलग कधी राहिलोच नाही. तू शिकायला गेलास तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. नंतर तू पाहुणाच आलास.

एक मेला येतो. ताईला हे पत्र वाचून दाखवलं. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, म्हणाली, वा रे पठ्ठ्या. तिला त्यात काय विनोदी वाटलं कळलं नाही. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मी विचारलं नाही.

येतोच आहे, तेव्हा लोभ समोरासमोर बघू.

धाकटा


१५ एप्रिल

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तातडीने टाकत आहे. धाकट्याचे पत्र वाचले. त्याच्या बुद्धीचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे, पण एवढी टोकाची भाषा करण्याची गरज नव्हती. मी उत्तर देणारच होतो, मधे रंगकाम निघाले.

तो येण्याबद्दल आम्हा उभयतांना आनंदच झाला असता. परंतु तुझ्या वहिनीचे गुडघे, पाहुण्यांच्या खोलीत सध्या चिरंजीवाचे सामान, शिवाय न्हाणीघराचे दार अरुंद. हे सर्व मार्गी लागेपर्यंत त्याची गैरसोय मला बघवणार नाही. तेव्हा तू म्हणतेस तसे, मदतनिसाच्या खर्चातील अर्धी रक्कम मी देत जाईन. या महिन्याची आजच पाठवली आहे, पुढे दर महिन्याला बँकेतून आपोआप येईल. माझ्या मनात हे पहिल्यापासून होतेच. त्यासाठी धमकी द्यावी लागू नये, एवढेच म्हणणे.

संस्थेला नकार कळव आणि त्याला नीट समजावून सांग.

प्रेम आहेच.

दादा


२४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पैसे पोहोचले. परत करत नाहीये, तेवढी श्रीमंती माझ्यापाशी नाही. संस्थेला नकार कळवला, आम्ही एक कुटुंब असल्याचा अर्ज दिला, मधली भिंत पुढच्या आठवड्यात फोडणार. ती फोडायचे पैसे मागत नाही, घाबरू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावरून नुकती आले होते. वाचलं, आणि खरं सांगते, चपला न काढता मागच्या दाराने धाकट्याकडे धावले. वाटलं, आज भावाला डोक्यावर घ्यावं. चार महिने मी लिहून लिहून मनगट मोडून घेतलं आणि त्याने एका पत्रात तुला चीत केलं. मी दारातूनच ओरडले, अरे, दादा नमला, पैसे आले, काय पेच टाकलास!

तो म्हणाला, कसला पेच?

मग मला बॅग दिसली. पलंगाशी, भरलेली. शर्ट मदतनिसाने इस्त्री करून दिलेले. लिफ्टच्या कंपनीकडून त्याने तुझ्या पत्त्यावर लाइन हलवण्याची परवानगी घेतली होती, तुमच्या भागातला मदतनीस कचेरीकडून ठरवून घेतला होता. भिंतीवर तुमच्या गल्लीचा नकाशा चिकटवला होता, स्वतः काढलेला. चढ कुठे आहे, कोपऱ्यावरचं दुकान किती लांब आहे. तू गेल्या खेपेला बोलता बोलता जे सांगितलं असशील त्यावरून काढला होता. वहिनींसाठी गुडघ्याला लावायचं कसलंसं तेल वरच्या कप्प्यात.

मी त्याला तुझं पत्र दिलं. त्याने वाचलं. एकच म्हणाला, मी पैसे कुठे मागितले होते?

दादा, त्याने धमकी दिली नव्हती. धमकी तुला ऐकू आली, आणि मलाही. तो येणार म्हणजे तुझ्या डोक्यावर संकट येणार, यावर आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या दोघांचं एकमत झालं. मी त्या पत्रावर हसले होते. तू घाबरलास. तो आपल्या थोरल्या भावाकडे राहायला निघाला होता, आणि त्याने न येण्याबद्दल तू दर महिन्याला पैसे मोजायला तयार झालास, हे मी त्याला नीट समजावून सांगावं अशी तुझी इच्छा आहे. मी नाही सांगणार. मी कवळ्या करते, दादा. दुसऱ्याच्या तोंडात बसवायच्या गोष्टी करते. पण हे शब्द तुझे आहेत, ते तुझ्याच तोंडून यायला हवेत.

तो माझ्याशी नेहमीसारखा बोलतो. काल रात्री कोणी बाई मुलासकट अडकली होती, तिला तासभर गोष्टी सांगत होता. बॅग मात्र उघडू देत नाही. त्याचं म्हणणं, तुझं ते पत्र ताईच्या नावाचं आहे, त्याच्या पत्राला उत्तर अजून यायचंय. मुद्दा काटेकोर आहे. एक तारखेला अजून आठवडा आहे, आणि मदतनीस रोज दोन वेळा त्या बॅगेला वळसा घालून त्याला उचलतो.

लोभ असावा, हे या खेपेला माझ्यासाठी मागत नाही. पत्ता तोच. दार मागचं.

बेबी